लेखक व्हावं की नट? गोष्ट सांगण्याच्या दोन वाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिका स्पर्धांचा मोसम जवळ आला, की हे प्रश्न यायला लागतात. विचारणारे बहुतेक कॉलेजातले. पण निवृत्तीनंतर कथा लिहायला बसलेले काका असतात, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीसाठी नाटुकलं बसवणाऱ्या ताई असतात, आणि ‘मुलीला कुठे घालू’ म्हणून विचारणारे आईबापही असतात. मी मूळची लिहिणारी, रंगमंचावर अधूनमधून उभी राहिलेली. तरी खालच्या उत्तरांत बऱ्याचदा झुकतं माप नटाला गेलंय. ते मुद्दामच.

लेखक काय आणि नट काय, शेवटी दोघंही गोष्टच सांगतात. मग फरक तो काय?

सुरुवात दोघांची एकाच ठिकाणी होते. या माणसाला आत्ता काय हवंय आणि ते मिळवायला तो काय करतोय, हे दोघांनाही ठरवावं लागतं. ते ठरलं नसेल तर कथेत नुसती वर्णनं साचतात आणि रंगमंचावर नट हात कुठे ठेवू म्हणून चाचपडत राहतो.

पुढे वाटा फुटतात. लेखकाला सगळ्यांची वकिली करावी लागते: सासूची, सुनेची, मध्ये सापडलेल्या मुलाचीही. नटाने मात्र एकाचीच करायची. सासूचं काम करणारी बाई ‘सुनेचंही बरोबर आहे हो’ असं मनात ठेवून उभी राहिली, की प्रसंग मिळमिळीत झालाच म्हणून समजा. तिला स्वतःचंच शंभर टक्के बरोबर वाटलं पाहिजे. तोल सांभाळणं हे लेखकाचं आणि दिग्दर्शकाचं काम.

दुसरा फरक हत्यारांचा. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हालचाल, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि आतून उमटणारे भाव. नाटककार यातलं मुख्यतः वाचिक तेवढं कागदावर देतो. बाकीचं नट, नेपथ्यकार, वेशभूषाकार आणि दिग्दर्शक उभं करतात. कथाकाराला मात्र चारही गोष्टी शब्दांनीच कराव्या लागतात. पात्राचा विटलेला शर्ट, त्याची अडखळती चाल, संध्याकाळचा उजेड, घशात आलेला आवंढा, सगळं त्यालाच आणावं लागतं. म्हणून चांगला कथाकार नाटक लिहायला बसला की पहिल्या खर्ड्यात हटकून जास्त लिहितो. मदतीला माणसं आहेत याची त्याला सवय नसते.

एखादं उदाहरण देऊन सांगता का?

कार्यशाळेत आम्ही एक लहानसा प्रसंग घेतो. मुलगा शहरातून आलाय. गावचं घर विकायचंय, कागदांवर आईची सही हवी आहे. कथेत तो प्रसंग असा:

‘सुधाकरने पिशवीतून कागद काढून टीपॉयवर ठेवले. इंदूताईंनी तिकडे पाहिलंच नाही. “जेवून जाशील ना?” त्यांनी विचारलं. विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आजवर त्याला हे कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण विचारतं?’

तोच संहितेत:

सुधाकर : (कागद टीपॉयवर ठेवत) इथे एक, आणि मागच्या पानावर एक.
आई : जेवून जाशील ना?
सुधाकर : साडेचारची गाडी आहे.

कथेतली शेवटची दोन वाक्यं संहितेतून गेली. ती खेळता येत नाहीत. ‘आजवर कधी विचारलं नव्हतं’ हे चेहऱ्यावर कसं आणणार? नवखी नटी ते आणायचा प्रयत्न करते, डोळे भरून आणते, आणि प्रेक्षकाला एवढंच कळतं की आई दुःखी आहे. ते तर त्याला कागद बघूनच कळलं होतं.

आता तीन जणींनी काय केलं ते पाहा. पहिलीने वाक्य म्हणता म्हणता पाण्याचा तांब्या उचलला आणि नेमका त्या कागदांवर ठेवला. खाली ओला गोल उमटला असणार हे सगळ्यांना दिसलं. दुसरीने पाठ फिरवून, भांडी लावता लावता, अगदी सहज विचारलं. फक्त ‘ना’ किंचित लांबवला. तिसरीने वाक्याआधी एवढा मोठा पॉझ घेतला, की सुधाकरचं काम करणारा मुलगा गडबडला आणि त्याने ‘साडेचारची गाडी आहे’ हे जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हटलं. दिग्दर्शनात हे काही ठरलं नव्हतं. समोरच्याचं ऐकल्यामुळे झालं.

शब्द तेच, आई तीन. माझ्या मते पहिलीची सर्वांत नेमकी होती, कारण तिने भावनेच्या मागे न लागता काहीतरी केलं. मी तो तांब्या नंतर कथेत ढापला, आणि तिथली ती दोन वाक्यं काढून टाकली. कथा सुधारली.

पण मनातलं बोलायला नाटकात स्वगत असतंच की!

असतं, पण स्वगत हा कथेतल्या ‘त्याला वाटलं’चा पर्याय नव्हे. कथेत मनातला विचार येता-जाता, अर्ध्या वाक्यात सांगता येतो. नाटकात स्वगत आलं की काळ थांबतो, आणि तो थांबवायला तसंच कारण लागतं.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने केलेलं, अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेलं. बाईंच्या म्हणजे लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. खेळ म्हणून मांडलेला खटला शेवटी तिच्या जिवावर उठतो आणि बचावासाठी तिला बोलायला दहा सेकंद दिली जातात. त्या दहा सेकंदांत तेंडुलकर तिचं लांबलचक स्वगत घालतात. बाकीची पात्रं जिथल्या तिथे गोठलेली.

लेखकाने काय केलंय बघा. जगाने तिला दहा सेकंदच दिलीत, हे नाटकाच्या घड्याळात खरंच ठेवलं. प्रेक्षकांच्या घड्याळात मात्र तिला हवा तेवढा वेळ दिला. ही करामत कागदावरची. पण भोवतीची माणसं गोठलेली असताना एवढा वेळ एकटीने धरून ठेवायचा, कुठे वेग घ्यायचा, कुठे हसायचं, हे काम नटीचं. नाट्यशिक्षणाच्या प्रवेशचाचण्यांना अनेक मुली हे स्वगत घेऊन येतात. बहुतेक जणी पहिल्या ओळीपासून रडतात आणि मग पुढे जायला जागाच उरत नाही.

लेखक नसेल तर नट गोष्ट सांगू शकतो का?

शकतो, आणि आपल्याकडे सुरुवातच जवळजवळ तशी झाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या परंपरेत पदं रचलेली असत, ती सूत्रधार गाई, आणि पात्रं आपापली भाषणं बरीचशी आयत्या वेळी करत. संवाद लिहून काढलेली नाटकं नंतरची. वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१चं. अशा नाटकांना तेव्हा ‘बुकिश नाटकं’ म्हणत. नावातच थोडा टोमणा आहे, असं मला नेहमी वाटतं.

आजही तळकोकणात आणि गोव्याच्या सीमेवर जत्रेतला दशावतार पाहा. छापील संहिता नसते. आज कुठलं आख्यान आणि कोण कुठल्या भूमिकेत एवढं ठरतं, मग रंगपटात बसून तोंडं रंगवता रंगवता प्रसंगांची बोलणी होतात, आणि रात्री राजा-राक्षसाचा शब्दाला शब्द भिडतो. पुराणं तोंडपाठ, भाषेवर हुकमत, समोरच्याने टाकलेला प्रश्न झेलायची तयारी. शेतीवाडी करून रात्री उभे राहणारे हे नट उभ्या उभ्या लिहीत असतात, फक्त कागदावर नाही. तमाशातल्या बतावणीचंही, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवादांचंही, तेच.

म्हणजे लेखक नको असं नाही. दशावतारात गोष्ट आधीच सगळ्यांना माहीत असते. माहीत नसलेली गोष्ट, आणि तीही शेवटापर्यंत गुंतवत न्यायची, तर कुणीतरी बसून बांधावीच लागते. कॉलेजातली मुलं ‘इम्प्रोव्हायझेशनमधून एकांकिका उभी करू’ म्हणतात तेव्हा पहिली वीस मिनिटं झकास होतात आणि शेवट काही सापडत नाही.

गोष्टीवर जास्त हक्क कुणाचा, लेखकाचा की नटाचा?

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं, मुख्य भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. त्यानंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी गणपतराव बेलवलकर, म्हणजे नाटकातला तो म्हातारा नट, केले. २०१६मध्ये चित्रपटात नाना पाटेकरांनी. ज्यांनी यातले दोघं-तिघं पाहिलेत त्यांच्यात अजूनही वाद होतात. शब्द शिरवाडकरांचेच, तरी प्रत्येकाच्या आठवणीतला म्हातारा वेगळा. संहिता वाचणाऱ्याला तर चौथाच दिसतो.

कथेचं असं होत नाही. तिथे वाचक आणि शब्द यांच्यामध्ये तिसरं माणूस उभं राहत नाही. कुणाला हे सुख वाटतं, कुणाला एकटेपण. मी पहिल्या गटातली.

मी फार लाजाळू आहे. म्हणजे लेखनच बरं ना?

लेखन लाजाळू माणसाला चालतं हे खरं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले, सभा-संमेलनांपासून कटाक्षाने लांब राहिले, आणि मराठी कथेत त्यांचं स्थान काय आहे ते सांगायला नको.

पण ‘लाजाळू म्हणजे नट होता येणार नाही’ हे साफ चूक. विंगेत घाम पुसत उभी असलेली, तिसऱ्या घंटेला पोटात गोळा येणारी कितीतरी माणसं एंट्री घेतली की सुटतात. भूमिकेआड लपता येतं. कथाकाराला लपायला तेवढीही जागा नसते. ‘हे तुमच्याच घरातलं ना?’ असं लोक तोंडावर विचारतात.

कथाकथन, अभिवाचन आणि एकपात्री यांत काय फरक?

आयोजकच घोळ घालतात, तेव्हा तुमचा काय दोष.

अभिवाचनात कागद हातात असतो आणि तो लपवायचा नसतो. वाचिक अभिनय पूर्ण, आंगिक जेमतेम. दोन-तीन जण मिळून कादंबरीचे भाग वाचतात, निवेदनही ठेवतात. कथाकथनात कागद नसतो, पण सांगणारा स्वतःच राहतो. पात्रात शिरतो आणि लगेच बाहेर येतो. एकपात्रीत नट पात्रांमध्ये राहतो, जागा घेतो, कधी टोपी बदलतो, कधी तेवढीही नाही.

मराठीत कथाकथनाचं वैभव मोठं. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर एकत्र कार्यक्रम करायचे आणि गावोगावी मैदानं भरायची. व. पु. काळ्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घराघरांत होत्या. हे सगळे आधी लेखक. तरीही हशा कुठे येणार आणि तो ओसरेपर्यंत किती थांबायचं याचं त्यांचं गणित कसलेल्या विनोदी नटासारखं पक्कं. मिरासदारांची एखादी कथा छापील वाचा आणि मग त्यांच्या तोंडून ऐका. छापील वाक्यांतही थांबे आधीच पेरलेले आहेत हे लक्षात येईल.

पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ आधी पुस्तक म्हणून लिहिली, मग एकट्याने रंगमंचावर आणली. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उचलून चालत नाही, हे शिकायला ती दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघावीत.

लेखकाने अभिनयाचे व्यायाम करावेत का?

करावेतच. माझं ठाम मत आहे, की अभिनयातून लेखकाला जेवढं मिळतं तेवढं लेखनातून नटाला मिळत नाही. नटमंडळींनी रागावू नये.

सर्वांत स्वस्त व्यायाम म्हणजे लिहिलेलं मोठ्याने वाचणं, आणि तेही उभं राहून. बसून वाचताना लांब वाक्यं खपून जातात. उभं राहिलं की श्वास कुठे संपतो ते कळतं. त्यापुढचं म्हणजे आपले संवाद दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचे आणि आपण गप्प बसून ऐकायचं. तो अडखळेल तिथे बहुतेकदा वाक्य वाईट असतं. ‘अहो, तसं नाही, असं म्हणायचंय’ असं मध्ये बोलायची उबळ येईल. नाही बोलायचं.

दुसरा: अख्खा प्रसंग मुक्याने करून पाहणं. शब्द काढल्यावर काहीच घडत नसेल तर प्रसंग नुसत्या बोलण्याचा आहे.

तिसरा मला फार प्रिय आहे, आणि तो आपल्याच साहित्यात तयार आहे: नाट्यछटा. पुण्यातले शिक्षक शंकर काशीनाथ गर्गे यांनी ‘दिवाकर’ या नावाने १९११पासून त्या लिहिल्या. एकच पात्र बोलतं, समोरचा दिसत नाही, ऐकू येत नाही, पण तो काय बोलला असेल ते बोलणाऱ्याच्या उत्तरांतून कळतं. शाळेच्या स्पर्धांत आपण ती हातवारे करत पाठ म्हटली आणि तिथेच सोडून दिली. प्रत्यक्षात लेखक आणि नट दोघांसाठी इतका चोख रियाज दुसरा नाही. आजच्या काळात मोबाइलवरचं एकतर्फी बोलणं म्हणून लिहून बघा. लेखकाने पलीकडच्या माणसाचं एकही वाक्य लिहायचं नाही. नटाने पलीकडचं सगळं खरोखर ऐकायचं. पलीकडचा बोलत असताना नट किती वेळ गप्प राहतो त्यावरून तो ऐकतोय की पुढचं वाक्य आठवतोय ते लगेच कळतं.

आणि नटाने लेखन करावं का?

रोजच्या निरीक्षणांची वही जरूर ठेवावी. मात्र भूमिकेचं पानंच्या पानं चरित्र लिहून आणणाऱ्यांबद्दल मला शंका असते. पात्राच्या आजोळचा पत्ता माहीत असून प्रसंगात काय करायचंय ते माहीत नसलं, तर तालमीत काय उपयोग?

रडण्याचा प्रसंग प्रभावी कसा करावा?

हा प्रश्न दोन्हीकडून येतो. लेखक विचारतात ‘कसं लिहू’, नट विचारतात ‘पाणी कसं आणू’.

जुन्या शास्त्रातच उत्तर आहे. सात्त्विक भाव आठ सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. आठांतला एकच अश्रू, आणि आपण सगळे त्याच्याच मागे. मालिकांनी तर त्याचा पार भाजीपाला करून टाकलाय.

लेखकांना मी सांगते, अश्रू वगळून उरलेल्या सातांतला एक निवडा. वाईट बातमी ऐकल्यावर बाई चहाची कपबशी धरून नुसती थांबली (स्तंभ), किंवा ‘बरं’ एवढंच म्हणताना आवाज चिरकला (स्वरभंग). वाचक पुढचं स्वतः करतो. नटालाही हेच लागू. रडू दाबणारा माणूस बघवत नाही. मोकळं रडणाऱ्याकडे लोक थोड्या वेळाने सहज बघायला लागतात.

प्रयोगात नटाने वाक्य बदललं तर लेखकाने काय करावं?

आधी पाहावं, की वाक्य का बदललं. शब्द विसरला म्हणून, तोंडात बसत नाही म्हणून, की टाळी हवी म्हणून?

तोंडात बसत नसेल तर तालमीतच बदलून द्यावं. ‘तू केलेल्या त्या कृत्याचा मला पश्चात्ताप होतो आहे’ असं कुठलीही बायको नवऱ्याला म्हणत नाही. इथे नट बरोबर असतो. टाळीसाठी पदरचं घालणं म्हणजे अ‍ॅडिशन. विनोदी नाटकांत ती मुरलेली आहे आणि कधीकधी मूळ वाक्याहून बरी असते. पण एकाने घेतली की दुसऱ्यालाही घ्यावीशी वाटते, आणि काही प्रयोगांनंतर दोन तासांचं नाटक अडीच तासांवर जातं. अशा वेळी लेखकाने विंगेत जाऊन भांडू नये, दिग्दर्शकाशी बोलावं.

शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. वाटेल तसे बदल करताना हेही ध्यानात असावं.

आवडत्या कथेचं नाट्यरूपांतर करायचंय. कुठून सुरू करू?

परवानगीपासून. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. लेखक हयात नसतील तर वारसांची लेखी परवानगी घ्या. ‘स्पर्धेपुरतंच तर आहे’ हे कारण चालत नाही, आणि बक्षीस मिळाल्यावर तर अजिबात नाही.

मग कथेतली सगळी वाक्यं दोन रंगांत अधोरेखित करा: दिसू किंवा ऐकू येणारी एका रंगात, फक्त कळणारी दुसऱ्यात. ‘पाऊस थांबला होता’ पहिल्यात. ‘तिला माहेरी परतल्याची लाज वाटत होती’ दुसऱ्यात. दुसऱ्या रंगाचं प्रमाण फार असेल, तर त्या कथेचं नाटक करू नका, अभिवाचन करा. गोष्टीचा त्यात काही अपमान नाही.

रंगमंचाकडे स्वतःचेही उपाय असतात, हेही विसरू नका. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात माणसंच रांगेत उभी राहून भिंत होतात, पडदा होतात, आणि पाठ फिरवली की मागचं सारं झाकलं जातं. पेशवाईतल्या पुण्याने काय काय झाकलं हे कादंबरीकाराला सांगावं लागलं असतं. इथे ते गाणाऱ्या-नाचणाऱ्या पाठींनी सांगितलं.

पात्रं बोलीत बोलू द्यावीत की प्रमाण भाषेत?

पात्र जिथलं असेल तिथलं. मात्र मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी हे सगळं ‘गावाकडची भाषा’ म्हणून एकाच ठेक्यात बोलणारे नट आणि एकाच ठेक्यात लिहिणारे लेखक, दोघांवरही माझा राग आहे. बोली येत नसेल तर ती येणाऱ्या माणसाला तालमीला बसवा. कथेत संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत ठेवता येतं. नटाला ही सोय नाही, त्याचा प्रत्येक शब्द पात्राचाच असतो.

शिकायला कुठे जावं?

अभिनयासाठी वाटा बऱ्या आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, पणजीची कला अकादमी. पटकथालेखनासाठी पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (एफटीआयआय). कथा-कादंबरीसाठी मराठीत अशा पूर्ण वेळेच्या संस्था जवळपास नाहीत. कार्यशाळा, दिवाळी अंकांचे चांगले संपादक आणि खमके मित्र यांच्यावरच भिस्त.

कॉलेजात असाल तर स्पर्धेत उतरा. पुण्यातला महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे. लेखनात रस असला तरी गटात शिरा, मिळेल ते काम करा. सेट लावा, प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे विसरलेली वाक्यं विंगेतून सुचवा. प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला संहितेतली एकेक खोट कळते, कारण नट रोज त्याच जागी अडतात.

पैसे कशात जास्त?

सुरुवातीला दोन्हीत नाहीत. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. लेखकाचं मानधनही प्रयोगावर ठरवता येतं, ते आधी लेखी ठरवा. मालिकांत संवादलेखकाला काम भरपूर, झोप कमी. कथेचं मानधन किती, हे दिवाळी अंकात लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. तो हसेल. ऑडिओबुकांमुळे एक नवी वाट मात्र उघडली आहे. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप २०१७ साली भारतात आलं आणि मराठीत बरंच काम झालं. वाचिक अभिनय चांगला असलेल्या नटांना आणि कानासाठी लिहू शकणाऱ्या लेखकांना त्यात जागा मिळाली.

मुलगी दहा वर्षांची आहे, सारखी गोष्टी लिहीत असते. तिला अभिनयाच्या शिबिरात घालू का?

घाला, तिला जायचं असेल तर. शेवटच्या दिवशी पालकांसमोर पाठ केलेलं भाषण म्हणायला लावणारं शिबिर टाळा. मुलांना एकमेकांचं ऐकायला लावतात का, हे आधी विचारून घ्या. आणि तिची वही न विचारता वाचू नका.

दोन्ही एकदम करता येईल का?

येईल. दिलीप प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’ स्वतः लिहिलं आणि त्यात स्वतःच सहा भूमिका केल्या. गिरीश कुलकर्णींना ‘देऊळ’साठी अभिनयाचा आणि संवादांचा, असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सतीश आळेकर नाटककार, दिग्दर्शक आणि नट, तिन्ही नात्यांनी वावरतात.

करताना दोन पथ्यं पाळा. स्वतः लिहिलेल्या नाटकात काम करणार असाल तर दिग्दर्शन दुसऱ्याकडे द्या. नाहीतर प्रत्येक वाक्य तुम्हाला सोन्याचं वाटेल आणि कापायला कुणी उरणार नाही. आणि तालमी सुरू झाल्या की संहितेची वही घरी ठेवून या. सहकलाकाराने वाक्य चुकवलं, तर लेखक म्हणून तुमची भुवई वर जाईल. ती गेली की समोरचा पुढची चार वाक्यं तुमच्याकडे न बघता म्हणतो.